योग, प्राणायाम आणि वेदविद्येवरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

योगवर्गात, व्याख्यानानंतर आणि कॉलेजच्या प्रकल्पांच्या वेळी जे प्रश्न हमखास येतात ते इथे घेतले आहेत. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे तसं लिहिलं आहे, आणि जिथे तो तोकडा आहे तिथेही आडपडदा ठेवलेला नाही.

योगावर प्रयोगशाळेत काम पहिल्यांदा कुठे झालं?

बडोद्यात, १९२०-२१ साली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनी तिथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया तपासायला घेतल्या. नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास हे त्यांचे योगातले गुरू, आणि बडोद्याचे राजरत्न माणिकराव व्यायामातले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. प्रयोगांच्या नोंदी त्यात छापून येत. त्यांचे गुरुबंधू श्री योगेंद्र यांनी त्याआधीच, १९१८ साली, मुंबईत योगसंस्था काढली होती.

कुवलयानंदांची पद्धत आजही नमुन्यादाखल दाखवावी अशी आहे. क्रियेची महती सांगण्याआधी ते विचारत, की हिच्यात शरीरात नेमकं काय घडतं आणि ते मोजायचं कशाने? योगाची बाजू घेऊन बोलणाऱ्या बऱ्याच जणांना शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न गैरसोयीचा वाटतो.

‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हणजे काय?

नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो. कुवलयानंदांनी तो दाबमापकावर मोजून दाखवला आणि त्याला गुरूंचं नाव दिलं. बस्तीक्रियेत, म्हणजे गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुताना, ते पाणी आत कसं ओढलं जातं, याचा उलगडा त्यातून झाला.

हे समजायला आधी उड्डियान नीट कळलं पाहिजे. दोन्ही पायांत फूट-दीड फूट अंतर ठेवून उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवायचे, तळवे मांड्यांवर टेकवायचे. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा आणि घसा आतून बंद करून घ्यायचा. मग श्वास घेतल्यासारख्या फासळ्या फुलवायच्या, पण हवा मात्र आत येऊ द्यायची नाही. छातीची पोकळी वाढते, आत हवा शिरत नाही, म्हणून दाब उतरतो. श्वासपटल वर ओढलं जातं आणि त्याच्यामागून पोट आपोआप खोल जातं. नवशिक्याने ५ ते १० सेकंद पुरे करावेत. सोडताना आधी पोट सैल करायचं, मग फासळ्या, आणि शेवटी घसा उघडून सावकाश श्वास घ्यायचा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पोटाचे स्नायू आवळून पोट आत ओढणं. आवळलेलं पोट आतला दाब वाढवतं, म्हणजे परिणाम नेमका उलटा. पोटावर बोटं दाबून पाहा. खरं उड्डियान असेल तर भिंत मऊ लागते, आवळलेली असेल तर टणक. दुसरी चूक घशाची. तो नीट बंद नसला की हवा आत शिरते आणि पोट पुढे येतं. तिसरी चूक सोडताना होते. फासळ्या फुललेल्या असतानाच घसा उघडला की हवा धाडकन आत घुसते आणि ठसका लागतो.

नौलीत या पोकळीत भर पडते. पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू तेवढे पुढे काढले जातात, बाजूचे सैलच राहतात. उड्डियान पक्कं झाल्याशिवाय नौली शिकवू नये, कारण पोकळी नसेल तर नुसताच स्नायूंचा खेळ उरतो.

कपालभाती वेदांत सांगितली आहे का?

नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात लांब केसांच्या मुनीचं वर्णन करणारं केशीसूक्त आहे, कठोपनिषदात इंद्रियांच्या स्थिर धारणेला योग म्हटलं आहे, श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात कसं बसावं, कुठे बसावं आणि श्वास कसा आवरावा हे येतं. पातंजल योगसूत्रं त्यानंतरची, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. त्यांत आसनाबद्दल मोजकीच सूत्रं आहेत. षट्क्रिया (कपालभाती, नौली, नेती यांसारख्या शुद्धिक्रिया), बंध, मुद्रा, प्राणायामाचे आठ कुंभक (श्वास रोखण्याचे प्रकार) हे सगळं हठयोगाच्या ग्रंथांतलं. त्यांतली ‘हठप्रदीपिका’ साधारण पंधराव्या शतकातली, आणि ‘घेरंडसंहिता’ तिच्याही नंतरची.

सूर्यनमस्काराचा आजचा व्यायामप्रकार घराघरांत पोचवला औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. एखादी क्रिया पाचशे वर्षांची असली म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. पाच हजार वर्षांची असती, म्हणून गुणकारीही ठरली नसती. तिचा गुण वेगळा तपासावा लागतो.

मग खऱ्या अर्थाने वैदिक असं काय तपासून पाहता येतं?

दोन गोष्टी भरपूर तपासल्या गेल्या आहेत.

पहिली म्हणजे शुल्बसूत्रं. ही यज्ञवेदी आखण्याची सूत्रं, दोरी आणि खुंट्या घेऊन करायची भूमिती. आयताच्या कर्णावरचं क्षेत्र दोन्ही बाजूंवरच्या क्षेत्रांच्या बेरजेइतकं असतं, हे बौधायन शुल्बसूत्रात स्पष्ट सांगितलं आहे. वेदीचं क्षेत्र दुप्पट करायचं तर चौरसाचा कर्ण लागतो, त्यासाठीही रीत दिली आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. घरी करून पाहा. बाजू १०० सेंमी धरली तर १०० अधिक ३३.३३३३ अधिक ८.३३३३ वजा ०.२४५१, म्हणजे १४१.४२१६ सेंमी. आजचं उत्तर १४१.४२१४. एक मीटरच्या चौरसात चूक फक्त २ मायक्रॉनची, दोरीच्या जाडीपुढे तिचा हिशेबच नको. ‘वेदांत सगळं होतं’ असं मोघम म्हणणाऱ्याने ही एवढी रीत जरी फळ्यावर मांडून दाखवली तरी त्याच्या बोलण्याला वजन येईल.

दुसरी म्हणजे पाठांतर. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी शब्द पुढे-मागे गुंफून म्हणायचे. एखादा स्वर किंवा अक्षर निसटलं तर दुसऱ्या पाठात ते पकडलं जातं. २०१६ साली जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी ‘न्यूरोइमेज’मध्ये एक अभ्यास छापला. लहानपणापासून यजुर्वेदाचं अध्ययन केलेले २१ पंडित आणि तशाच वयाचे २१ इतर पुरुष यांच्या मेंदूंचे एमआरआय त्यांनी ताडून पाहिले. भाषा आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांत पंडितांचा करडा भाग (ग्रे मॅटर) लक्षणीय जास्त आढळला.

मात्र हा एकाच वेळचा फोटो आहे. पाठांतराने मेंदू बदलला, की ज्यांचा मेंदू मुळातच तसा होता तीच मुलं दहा-बारा वर्षं पाठशाळेत टिकली, हे यातून ठरत नाही. त्यासाठी मुलांना पाठशाळेत दाखल होताना आणि पुढे दर काही वर्षांनी तपासावं लागेल. ‘मंत्राने मेंदू वाढतो हे सिद्ध झालं’ असे जे संदेश फिरतात, त्यांत हा भाग नेमका गाळलेला असतो.

आणि विमानं?

‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ प्राचीन नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये त्याची छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला निघाला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नव्हती. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, या कथेला विश्वासार्ह समकालीन नोंदीचा आधार नाही.

योगी खरोखर हृदय थांबवू शकतो का?

१९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ छोटं ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या. त्यांच्या नोंदींवरून काही योगी हृदय जवळजवळ थांबवतात असा बोलबाला झाला. वेंगर, बागची आणि दिल्लीच्या एम्समधले बी. के. आनंद यांनी हे पुन्हा तपासलं आणि १९६१ साली ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले.

योगी श्वास कोंडून घसा बंद करतो आणि छाती-पोटाचे स्नायू करकचून आवळतो. छातीतला दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयातून बाहेर पडणारं रक्तही घटतं. मनगटाची नाडी लागेनाशी होते. स्टेथोस्कोप लावला तर आवळलेल्या स्नायूंच्या घरघरीत हृदयाचे ठोके बुडतात. बघणाऱ्याला वाटतं, थांबलं! ईसीजीच्या कागदावर मात्र ठोके चालू दिसतात.

१९७० मध्ये अमेरिकेतल्या मेनिंगर फाउंडेशनमध्ये स्वामी राम यांची नोंद घेतली गेली, ती याहून निराळी. तिथे हृदय थांबलं नाही, उलट वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३०० च्या वेगाने फडफडायला लागले. इतक्या वेगात हृदय नीट भरत नाही, त्यामुळे नाडी नाहीशी होते. स्वायत्त चेतासंस्थेवर काही प्रमाणात ताबा मिळवता येतो, हे यातून दिसतं. हृदय थांबवण्याचा पुरावा मात्र हाही नाही. आणि हा खेळ घरी करण्याचा अजिबात नाही.

हवाबंद पेटीत राहणाऱ्या योग्यांचं काय?

आनंद आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच रामानंद योगी यांचा हवाबंद पेटीत अभ्यास केला. त्यांचा ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या किमान गरजेपेक्षाही खाली गेला होता. व्यक्ती एकच असल्यामुळे ‘असं होऊ शकतं’ इथवर म्हणता येतं, ‘सगळ्यांना जमतं’ इथवर नाही.

प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन वाढतो ना?

सर्वाधिक पसरलेला आणि सर्वाधिक चुकीचा समज हाच. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन बसल्या जागी ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. १०० मिली रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरा, दर ग्रॅमला १.३४ मिली ऑक्सिजन, म्हणजे एकूण सुमारे २० मिली. भरणा ९७ वरून ९९ वर नेला तरी वाढ होते फक्त ०.४ मिली. त्यातून ‘पेशी न्हाऊन निघतात’ वगैरे काही होत नाही.

येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांनी लोणावळ्यात शिकून प्राणायाम करताना ऑक्सिजनचा वापर मोजला होता. त्यांची टिपणं १९३७ साली प्रसिद्ध झाली. वापर उज्जायीत २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के, कपालभातीत १२ टक्के वाढलेला दिसला. पण हा वापर आहे, साठा नव्हे. स्नायू काम करतात, म्हणून जास्त ऑक्सिजन खर्च होतो.

वेगाच्या श्वसनात खरा बदल होतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. तो भराभर बाहेर गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. धमनीतला त्याचा दाब १ मिमी पाऱ्याने उतरला तर मेंदूकडचा रक्तप्रवाह ढोबळमानाने ३ टक्क्यांनी कमी होतो. कपालभाती करताना डोकं हलकं होणं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येणं याचं कारण कार्बन डायऑक्साइडची ही घट आहे. पुष्कळ जण याला ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणतात आणि वेग आणखी वाढवतात. खरं तर तिथेच थांबायला हवं.

बरोबर कपालभातीत फक्त उच्छ्वास जोराचा असतो, पोटाच्या एका झटक्याने. श्वास आपोआप, थोडासा आत येतो. श्वासही जोर लावून घेतला की ती भस्त्रिका होते आणि चक्कर लवकर येते. सुरुवातीला सेकंदाला एक झटका या वेगाने २० झटके, मग अर्धा-एक मिनिट साधा श्वास, अशा तीन फेऱ्या. खांदे उडत असतील किंवा चेहरा आक्रसत असेल, तर झटका पोटातून येत नाहीये असं समजावं.

‘मिनिटाला ६ श्वास’ याला एवढं महत्त्व का?

कारण इथे यंत्रणा समजलेली आहे. रक्तदाब चढला की मानेतल्या आणि छातीतल्या धमन्यांमधले दाबसंवेदक मेंदूला कळवतात आणि हृदयाची गती उतरते. या फेऱ्याला सुमारे १० सेकंद लागतात. श्वासही १० सेकंदांचा केला की दोन्ही लयी जुळतात आणि हृदयगतीतले चढउतार सर्वाधिक होतात.

२००१ साली लुचियानो बर्नार्डी यांच्या चमूने इटलीत २३ निरोगी लोकांवर प्रयोग केला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती जवळजवळ नेमकी मिनिटाला ६ वर आली आणि दाबसंवेदकांचा प्रतिसाद सुधारला. ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र यांचा परिणाम सारखाच. यावरून जो वाद घालायचा तो भक्तांनी घालावा, शरीराला मात्र लयीशी मतलब.

करायचं असं: पाठ टेकवून बसा, ४ सेकंद श्वास, ६ सेकंद उच्छ्वास, मध्ये कुंभक नाही. १० मिनिटं. श्वास खोल घेण्याचा अट्टहास नको, कारण गती कमी करून प्रत्येक श्वास फार मोठा केला तर पुन्हा कार्बन डायऑक्साइड घटतो. धाप लागल्यासारखं वाटलं तर ३ आणि ५ सेकंदांवर या.

संशोधकांसाठी इथे एक सापळा आहे. हृदयगतीच्या विश्लेषणात ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा मंद पट्टा आणि ०.१५ ते ०.४ हर्ट्झ हा जलद पट्टा धरतात. नेहमीचा श्वास, मिनिटाला १५ म्हणजे ०.२५ हर्ट्झ, जलद पट्ट्यात येतो. मिनिटाला ६ म्हणजे ०.१ हर्ट्झ, तो मंद पट्ट्यात उडी मारतो. त्यामुळे मंद पट्ट्याचं जलद पट्ट्याशी असलेलं गुणोत्तर एकदम चढतं. हे गुणोत्तर ताणाची खूण मानलं जातं, म्हणून ‘सावकाश प्राणायामाने ताण वाढला’ असा उफराटा निष्कर्ष काढलेले प्रबंध सापडतात. श्वासाची गती वेगळी नोंदवल्याशिवाय हे गुणोत्तर छापूच नये.

भ्रामरीत गुंजारवाने काय होतं?

नाकाशेजारच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होत असतो. स्वीडनच्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांना २००२ मध्ये असं दिसलं की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून बाहेर येणारा हा वायू शांत उच्छ्वासाच्या १५ पट होतो. कंपनाने पोकळ्यांतली हवा ढवळून बाहेर येते. ओठ मिटलेले आणि दात किंचित विलग असले की कंपन वर चढतं. याने सर्दी बरी होते असं मात्र या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

चंद्रनाडी-सूर्यनाडीत, म्हणजे डाव्या-उजव्या नाकपुडीच्या श्वासातल्या फरकात, तथ्य आहे?

काही तासांनी एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी चोंदलेली, हा आलटून-पालटून चालणारा क्रम खरा आहे. युरोपात कायझर यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, आपल्याकडच्या स्वरोदयाच्या परंपरेला तो आधीपासून ठाऊक होता. शर्ली टेलेस, नागरत्ना आणि नागेंद्र यांनी १९९४ साली केलेल्या अभ्यासात महिनाभर फक्त उजव्या नाकपुडीने प्राणायाम करणाऱ्यांचा विश्रांतीतला ऑक्सिजन वापर ३७ टक्क्यांनी वाढला. पण डाव्या नाकपुडीच्या गटातही तो २४ टक्के आणि अनुलोम-विलोमच्या गटात १८ टक्के वाढला होता. म्हणजे ‘डावी थंड, उजवी गरम’ इतकं सोपं ते नाही.

दमा, पाठदुखी, हृदयविकार: उपयोग होतो का?

दम्याबद्दल दोन अभ्यास जुने पण वाचण्यासारखे आहेत. नागरत्ना आणि नागेंद्र यांनी १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ५३ रुग्णांचा अभ्यास छापला. दोन आठवड्यांचं शिक्षण, रोज ६५ मिनिटं सराव, तुलनेला तितकेच रुग्ण. दम्याचे झटके आणि औषधं कमी झाली. तुलनेच्या गटाला मात्र तेवढा वेळ आणि तेवढी आपुलकी मिळाली नव्हती. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगाने ही पळवाट बुजवली. त्यात जयपूरच्या नावावरून ‘पिंक सिटी’ म्हटलेलं एक उपकरण होतं, ज्यातून श्वास घेतला की श्वास-उच्छ्वासाचं प्रमाण आपोआप १:२ होतं. दुसरं उपकरण हुबेहूब तसंच, पण बिनअडथळ्याचं. सौम्य दम्याच्या १८ रुग्णांनी दोन्ही दोन-दोन आठवडे वापरली. श्वासनलिका आकसण्यासाठी लागणारी हिस्टामिनची मात्रा खऱ्या उपकरणाने वाढली, म्हणजे नलिकांचा चिडचिडेपणा घटला. श्वासाची क्षमता आणि लक्षणं यांतली सुधारणा मात्र सांख्यिकीच्या कसोटीला उतरली नाही. प्राणायामाला खोटा जोडीदार उभा करणं किती अवघड आहे, हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांनाच कळेल. म्हणून हा छोटा प्रयोग आम्हाला मोठमोठ्या आकड्यांच्या अनेक प्रबंधांहून मोलाचा वाटतो. इनहेलर बंद करायला मात्र तो आधार देत नाही.

जुनाट कंबरदुखीत पुरावा बरा आहे. २०११ मध्ये अमेरिकेत २२८ जणांवर झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांच्या योगवर्गाने नुसतं माहितीचं पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला, पण साध्या ताणाच्या व्यायामाच्या वर्गाइतकाच. योगाचं अपयश म्हणून याकडे पाहायचं कारण नाही. आराम कशाने मिळतो याची दिशा तेवढी कळते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या पुनर्वसनासाठी भारतातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर ‘योगा-केअर’ ही चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. पुन्हा झटका, पक्षाघात, मृत्यू वगैरे घटनांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ठोस फरक सिद्ध झाला नाही. रुग्णांना स्वतःला वाटणारी प्रकृती मात्र सुधारली आणि रोजची कामं लवकर सुरू झाली. इतकी मोठी चाचणी भारतात झाली आणि मनाजोगं उत्तर न येताही ती जशीच्या तशी छापली गेली, याचं कौतुक फारसं कोणी केलं नाही.

होमाच्या धुराने हवा शुद्ध होते का?

लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या चमूने २००७ मध्ये असं नोंदवलं की बंद खोलीत हवनसामग्रीचा तासभर धूर केल्यावर हवेतले जिवाणू ९४ टक्क्यांहून अधिक घटले. जिवाणू घटणं वेगळं आणि हवा श्वासाला चांगली होणं वेगळं. लाकूड, शेणी, तूप काहीही जळलं तरी सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघतोच. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर होम अंगणात किंवा गच्चीवर करावा.

कॉलेजचा प्रकल्प करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

प्रश्न लहान ठेवा. ‘योगाचे आरोग्यावरील परिणाम’ हा विषय प्रकल्पाला पेलणार नाही. ‘मिनिटाला ६ श्वास १० मिनिटं घेतल्यावर लगेच रक्तदाब किती बदलतो’ हा चालेल.

तुलनेला त्याच व्यक्तीला दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, तेवढाच वेळ मिनिटाला १५ च्या तालावर श्वास घ्यायला लावा. नुसतं बसवलं तर तालाकडे लक्ष देण्याचा परिणाम आणि श्वासाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. आधी कोणता दिवस, हे चिठ्ठी टाकून ठरवा.

खाऊन दोन तास झालेले असावेत. चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं शांत बसवा. दंडाची पट्टी हृदयाच्या पातळीला, आणि तिच्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढेल एवढी. जाड दंडाला लहान पट्टी लावली की दाब उगाच जास्त दिसतो. एकेक मिनिटाच्या अंतराने तीन नोंदी घ्या, पहिली सोडा, उरलेल्या दोघींची सरासरी धरा. नोंद घेणाऱ्याला आज कोणता प्रकार झाला हे कळता कामा नये.

चूक होते ती बहुधा निवडीत. शिबिराच्या पहिल्या दिवशी ज्यांचा दाब जास्त निघाला त्यांनाच निवडलं, तर दुसऱ्या मोजणीत त्यांची सरासरी काही न करताही उतरते. तुलनेचा गट नसला की ही उतरण प्राणायामाच्या खात्यात जमा होते. दुसरी गोष्ट, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांना हिशेबातून गाळू नका. पहिला सहभागी घेण्याआधी नीतिसमितीची परवानगी लागते, आणि उपचार म्हणून काही देत असाल तर भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंदणीही त्याआधीच करा.

कोणी काय टाळावं?

काचबिंदू किंवा त्याचा संशय असेल तर शीर्षासन नको. चेन्नईत ७५ योगसाधकांवर केलेल्या आणि २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्यातला दाब सर्रास दुप्पट झालेला दिसला. खाली डोकं असलेल्या इतर आसनांतही तो चढतो, आसन सोडल्यावर काही मिनिटांत उतरतो. आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया, अल्सर, गरोदरपण यांत कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान, नौली बंद. फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साचल्याचं कपालभातीनंतरचं एक प्रकरण २००४ मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं आहे. असं क्वचितच होतं, पण क्रियेच्या वेळी छातीत एका बाजूला एकदम कळ आली आणि दम लागला तर घरी वाट पाहू नका. अपस्मार असलेल्यांनी वेगाचं श्वसन टाळावं, कारण त्याने झटका येऊ शकतो. ईईजी तपासणीत डॉक्टर मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावतात ते याचसाठी.

जलनेतीला, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुवायला, नळाचं पाणी चालेल का?

नाही. पिण्याजोगं असलं तरी नाही. नेग्लेरिया फॉवलेरी हा अमीबा पोटात गेला तर काही बिघडत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि होणारा आजार बहुतेकदा जीव घेतो. अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाचं पाणी नेतीला वापरणाऱ्या दोघांचा त्यात मृत्यू झाला. घरगुती फिल्टरवर विसंबू नये.

पाणी खळखळ उकळल्यावर निदान १ मिनिट तसंच उकळू द्या आणि झाकून कोमट होऊ द्या. मीठ लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरच्या लोट्याला ४.५ ग्रॅम. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आपला चमचा ठरवून ठेवा, कारण जाड आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही. नाकात झोंबलं तर मीठ कमी किंवा जास्त झालं आहे. कमी झालं तरी झोंबतं, हे अनेकांना माहीत नसतं. पाणी दुसऱ्या नाकपुडीऐवजी घशात उतरत असेल तर डोकं मागे झुकलं आहे. ते पुढे आणि बाजूला कलवा, तोंडाने श्वास घेत राहा.

झाल्यावर कमरेतून वाका, डोकं डावी-उजवीकडे वळवत दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास सोडा. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरलं तर पाणी कानाच्या नळीत जातं आणि संध्याकाळपर्यंत कान ठणकायला लागतो. लोटा धुऊन, पुसून, उपडा ठेवून वाळवा.